स्वावलंबी गाडीची खंडेनवमी

बोरीवली (पूर्व)
दसऱ्यानंतरचा मंगळवार

ती. अण्णांना आणि वहिनींना कुंदाचा वाकून नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. मागच्या पत्रात तुम्ही 'बरा आहे' एवढंच लिहिलंत आणि वहिनींनी त्याच पत्राच्या कडेला बारीक अक्षरात 'काही बरा नाही, कोणाचं ऐकत नाहीत' असं लिहिलं. तेव्हा दोघांनी मिळून काय ते एकच ठरवा आणि मग कळवा. निर्गुडीच्या पाल्यानं शेकता ना? वहिनींचा मोतीबिंदू पिकला का? गाय व्याली असेल तर खरवस एसटीबरोबर पाठवायच्या भानगडीत पडू नका, गेल्या खेपेला बोरीवलीला पोचेपर्यंत त्याचं काय झालं होतं ते लिहिण्यासारखं नाही. आम्ही इकडे सगळे खुशाल. क्षमा पाचवीत गेली, गणितात बापावर आणि तोंडानं माझ्यावर गेली आहे. हे (म्हणजे तुमचे मेहुणे) खुशाल आहेत. मीही खुशाल आहे. गाडी सोडून सगळं खुशाल आहे.

गाडीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चष्मा पुसून खाली शोधत बसायला नको. गाडी भंगारात चालली. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी मानखुर्दचा कुंडलिक भंगारवाला टेम्पो घेऊन येणार आणि गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीच्या आवारात उभी असलेली (आणि गेला आठवडाभर आडवी असलेली) ती वस्तू घेऊन जाणार. यांनी स्वतःच्या हातानं तसं सेक्रेटरींना लिहून दिलंय. तुम्हाला बरं वाटेल. मलाही बरंच वाटतंय. तीन वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते, हे तुम्हाला माझ्या प्रत्येक पत्रावरून माहीतच आहे.

वहिनींना या गाडीचं नीट काही कळलेलं नाही असं त्या म्हणतात, म्हणून एकदा सांगते. हे लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन, दिवसभर लिफ्टची चित्रं काढायची. एकदा रद्दीच्या दुकानात यांना परदेशातलं एक जुनं मासिक मिळालं. त्यात बंद डब्याच्या गाडीचं चित्र होतं, जिला मोटारीसारखं छप्पर, दार, काच सगळं होतं, पण चाकं दोनच, एक पुढे आणि एक मागे, स्कूटरसारखी. आणि ती थांबली तरी पडत नव्हती, कारण तिच्या पोटात एक जड चाक भोवऱ्यासारखं गरगर फिरत होतं. भोवरा फिरतोय तोवर पडत नाही ना, तसं. झालं. त्या दिवसापासून यांनी आमच्या पोटात भोवरा सोडला. त्यानंतर चार रविवार हे हायवेच्या कडेला वही घेऊन बसले आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारीत माणसं किती ते लिहीत राहिले. घरी येऊन मला वही दाखवली. दहातल्या आठ मोटारींत एकच माणूस. एका माणसाला चार चाकं आणि चार रिकाम्या जागा कशाला, असा यांचा सवाल. मी म्हटलं, मला कशाला विचारता, मला तर एकही चाक नाही. (स्कूटरचा नंबर लावून आम्हाला सात वर्षं झाली होती. तो अजून लागलेला नाही.) हे म्हणाले, थांब, तुझ्यासाठी अशी गाडी करतो की पावसात साडीचा काठ भिजणार नाही, धूर सोडणार नाही, पेट्रोल पिणार नाही, आणि उभी करायला मोटारीच्या जागेत तीन मावतील. विजेवर चालेल. नाव ठेवलं 'स्वावलंबी', कारण ती कोणाच्या आधाराशिवाय उभी राहणार. कर्ता माणूस मात्र त्या दिवसापासून पूर्णपणे माझ्या आधारावर राहिला, ते जाऊ दे.

मग धाकू आला. धाकूला तुम्ही पाहिलेलं नाही. मालवणकडचा, पन्नाशीचा, एका गिरणीत साळखात्यात (जिथं कापड विणतात तिथं) मागांचा फिटर होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, त्याला चार वर्षं झाली. आता स्टेशनाबाहेर स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करतो. यांनी आमचा स्टोव्ह दुरुस्तीला नेला आणि स्टोव्हच्या ऐवजी धाकूच घेऊन आले. (स्टोव्ह दोन महिन्यांनी आला.) हे कागदावर काढणार आणि धाकू ते लोखंडात करणार. पोटातलं ते बिडाचं चाक त्यानं हातानं घासून घासून असं तोललं, की फिरताना वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत नसे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, वयनी, चाकाक ताप इलो हा. जाऊन हात लावावा तर खरंच गरम. गिरणी सुटल्यापासून या माणसाचं कोणी काही ऐकलं नव्हतं, आमच्याकडे तो यंत्राचं ऐकायचा आणि आम्ही त्याचं. सोसायटीतल्या लोकांनी त्याला आधी जिना चढू दिला नाही, नंतर सगळ्यांचे मिक्सर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतले.

ट्रकच्या चार बॅटऱ्या गाडीत. त्या भरायच्या तर वीज आमच्या स्वयंपाकघरातून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली वायर सोडून. बॅटऱ्या भरत असताना आमच्याकडे पंखा नाही, इस्त्री नाही, मिक्सर नाही. खोबरं पाट्यावर वाटायचं. पहिल्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाई त्या वायरवर टॉवेल वाळत घालायला लागल्या, तेव्हा सेक्रेटरी चंद्रप्रकाश वैद्य यांनी पहिली नोटीस दिली. ती वायरला होती की टॉवेलला हे शेवटपर्यंत कळलं नाही. वैद्य माणूस वाईट नाही, पण त्यांच्या खिडकीखालीच गाडी, आणि पोटातल्या चाकाला वेग घ्यायला पाव तास लागतो. तेव्हापासून ते थांबेपर्यंत गुंगुं असा आवाज येतो, की नुकताच लागलेला डोळा उघडतो. दुपारी झोपणाऱ्या माणसाला विज्ञानाबद्दल प्रेम वाटावं अशी अपेक्षा मी तरी करत नाही.

पण अण्णा, ती उभी राहिली. ते मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी लबाड ठरेन. मागच्या फाल्गुनात एका सकाळी आम्ही चौघं तिला नॅशनल पार्कच्या गेटापाशी घेऊन गेलो (चाक थांबलेलं असलं की गाडीचे दोन आखूड पाय हातानं दांडा ओढून खाली करायचे, मग ती त्यांवर उभी राहते). फॉरेस्टच्या शिपायानं लांबून बघितलं आणि बिबट्याचा पिंजरा कुठे लावायचाय म्हणून विचारलं. यांनी चाक सुरू केलं, पाव तास थांबले, मग दांडा मागे ओढला. पाय वर गेले. गाडी उभीच. हे आत बसले, दार लावलं, दहा पावलं गेले, थांबले. गाडी उभीच. पाय टेकलेला नाही, काठी लावलेली नाही, कोणी धरलेलं नाही. मग यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण असं तोंड मी त्याआधी फक्त क्षमा झाली तेव्हा बघितलं होतं. शिपायानं टोपी काढून डोकं खाजवलं. धाकू देवाचं नाव घेत खालीच बसला.

त्यानंतर मी त्या गाडीतून एकदाच बाहेर गेले. शुभावन्सं, माझी कांदिवलीची नणंद, तिच्या नातवाचं बारसं होतं. मी नारायणपेठ नेसून मागच्या जागेवर बसले, मांडीवर पाळण्याला बांधायचा खुळखुळा. सिग्नलला हे थांबले. शेजारी रिक्षा, टॅक्सी, बस, सगळे थांबलेले, आणि सगळे आमच्याकडे बघताहेत. आधी मला वाटलं साडीकडे बघताहेत. मग कळलं की ते आमची पडायची वाट बघताहेत. दोन चाकांवर बंद डबा उभा, ना हात बाहेर ना पाय बाहेर, म्हणजे आता पडणारच. सिग्नल हिरवा झाला तरी एकही गाडी हलेना. हवालदार शिट्टी तोंडात धरून उभा, ती वाजवायची विसरला. बसमधले लोक एका बाजूच्या खिडक्यांना लोटले. शेवटी आम्हीच निघालो तेव्हा लोकांची चांगलीच निराशा झाली. कांदिवलीला उतरले तेव्हा साडीला एक चुणी नव्हती, अंबाड्यातला गजरा जागच्या जागी होता, आणि आतून काचेला वाफ धरल्यामुळे वाटेत साडी कोणालाच दिसली नव्हती. मी यांना तसं ऐकवलं. हे म्हणाले, हवेला भोकं पाडायला हवीत. साडी दिसावी म्हणून नव्हे हो अण्णा, श्वास घ्यायला.

इथवर सगळं झकास होतं. वाट लागली ती यांना शेठ मिळाले तेव्हा. जसवंतभाई म्हणून आहेत, अंधेरीला त्यांचा मिक्सर करायचा कारखाना आहे. आमच्या वैद्यांचे ते ओळखीचे (वैद्यांनी ओळख काढून दिली ती गाडी आवारातून जावी म्हणून, पण दिली). जसवंतभाईंना गाडी पसंत पडली तर ते कारखान्यात एक शेड देणार, चार माणसं देणार, आणि धाकूला फिटर म्हणून ठेवणार. यांना संध्याकाळी तिथं जाऊन काम करता आलं असतं. पसंत नाही पडली तर गाडीला दुसरं दार नव्हतं, कारण वैद्यांनी सोसायटीच्या सभेत ठराव करून घेतला होता की दिवाळीपूर्वी आवार मोकळं झालं पाहिजे. तेव्हा सगळं त्या एका भेटीवर होतं. धाकूनं त्याच्या बायकोला मुलुंडला माहेरी निरोप पाठवला की पोरं घेऊन परत ये, काम लागतंय. मी त्याला म्हटलं, अरे आधी लागू दे. तर म्हणाला, चाकाचा आवाज बरो हा.

जसवंतभाईंना वेळ मिळाला खंडेनवमीचा, सकाळी दहाचा. यांनी रजा घेतली. आणि इथं अण्णा, मी नाक खुपसलं. खंडेनवमीला हत्यारं आणि यंत्रं पुजायची ही आपली रीत. आपल्याकडे तुम्ही कोयती, पहार, वजनकाटा पुजता. मी विचार केला, आज चांगला दिवस आहे, शेठ यायच्या आधी गाडीची पूजा होऊन जाऊ दे. हे म्हणाले, नंतर करू. मी ऐकलं नाही. मी धाकूला हळदकुंकू, झेंडूचे हार आणि दोन लिंबं दिली आणि सांगितलं, गाडी सजवून ठेव, मी नारळ आणि निरांजन घेऊन येते. यांनी नऊलाच चाक सुरू केलं होतं आणि पाय वर घेऊन गाडी उभी करून ठेवली होती, शेठ येताच सरळ दाखवायला. मग हे वर आंघोळीला गेले.

आता धाकूचं ऐका. धाकूनं गिरणीत तीस वर्षं खंडेनवमी केली. गिरणीत त्या दिवशी माग थांबवतात, पुसतात, हार घालतात, नारळ फोडतात, आणि यंत्राला त्या दिवशी विश्रांती. चालू यंत्राला कुंकू लावायला हात पुढे करणं म्हणजे पाप तर आहेच, शिवाय बोट जायचं. तेव्हा त्यानं शहाण्या माणसासारखं काय केलं, तर आधी गाडीच्या बाहेरच्या अंगाचं बटण बंद केलं. मग बटणावरून झेंडूचा हार घातला. पाय खाली करायचा दांडा आतल्या बाजूला, आणि दाराची किल्ली यांच्या खिशात, म्हणून तो म्हणाला, चाक थांबायला वेळ आहे, तेवढ्यात साहेब येतील आणि पाय सोडतील. (एवढं जड चाक, वीज काढली तरी वीसपंचवीस मिनिटं आपल्या वेगानं फिरत राहतं. गिरणीतही पट्टा काढला की लगेच थोडंच थांबतं.) लिंबं चाकांखाली ठेवली, पुढे छोटी रांगोळी काढली, कुंकू चाक थांबल्यावर लावायचं म्हणून बाजूला ठेवलं, आणि मग नारळ घ्यायला वर माझ्याकडे आला.

तेवढ्यात जसवंतभाई आले, पंधरा मिनिटं आधी. हे ओल्या केसांनी धावत खाली गेले. गुंगुं आवाज येतोय, गाडी उभी आहे, हार घातलेला आहे, म्हणजे सगळं ठीक. दार उघडून यांनी शेठना आत बसवलं. शेठ देहानं भरलेले, मागच्या जागेवर मावेनात, म्हणून पुढेच बसले. दार लावलं. मग यांनी बाहेरून गाडीला खांद्यानं ढकललं. गाडी हलली नाही. वैद्यांना म्हणाले, तुम्ही ढकला. वैद्यांनी तीन वर्षांचा सगळा राग घालून ढकललं, गाडीनं त्यांनाच मागे लोटलं. मग सोसायटीतले सगळे ढकलू लागले. आत जसवंतभाई हसताहेत, हात जोडताहेत. अण्णा, त्या वेळी बटण बंद होतं आणि आमचं नशीब नुसतं जुन्या वेगावर फिरत होतं.

मी आणि धाकू ताट घेऊन खाली उतरलो. धाकूनं आत शेठना बसलेलं बघितलं. त्यानं काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तर साहेब आणि शेठ बोलत असताना कामगारानं मधे तोंड घालायचं नाही, ही दुसरी गिरणीची रीत. शिवाय त्याला वाटलं, यजमान म्हणून शेठच बसलेत, साहेबांनी पाय सोडले असतील. मी शेठना ओवाळायला लागले. दुसऱ्या फेरीला गाडी किंचित उजवीकडे झुकली. तिसऱ्या फेरीला डावीकडे. मला वाटलं, काय गुणाची गाडी, निरांजनाला मान डोलावतेय. मी चौथी फेरी जरा मोठी घेतली. गाडी मोठी झुकली. मग ती स्वतःभोवती थोडी वळत, म्हातारा माणूस ओटीवर लवंडतो तशी, अगदी सावकाश, शेठसकट, डाव्या कुशीवर रांगोळीवर आडवी झाली. आवाजही फारसा झाला नाही.

गाडीला दार एकच आहे, डाव्या बाजूला. दोन दारांनी सांगाडा कमजोर होतो असं यांचं म्हणणं. आतून जसवंतभाईंचा आवाज आला, यांना उद्देशून, शांत, अगदी उत्सुक: शिवदासभाय, आता एच्यात पुढे काय आहे? त्यांना वाटलं, हेही दाखवायचंच असणार. पुढे काय होतं, तर पुढच्या काचेचे चौदा स्क्रू होते, ते धाकूनं काढले. तीन वेळा स्क्रू-ड्रायव्हर पडला त्याच्या हातून. शेठना आम्ही समोरून ओढून काढलं. लागलं कुठंच नाही, झब्ब्याला रांगोळी आणि कपाळाला झेंडू, बस. माणूस खरंच मोठा. त्यांनी पाणी प्यायलं, नारळाचा प्रसाद घेतला, धाकूच्या पाठीवर हात ठेवला. सगळं ऐकून घेतलं, बटणाचंही. आणि जाताना यांना म्हणाले, भाय, विचार सारो आहे, पण माझा मिक्सर बंद केला तर बंद होते, आडवा नाय होत.

धाकू त्या दिवशी जेवला नाही. हे त्याला रागावले नाहीत. संध्याकाळी हे आडव्या गाडीपाशी बसून फटीतून झेंडूच्या पाकळ्या वेचत होते, मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, धाकूचं काय चुकलं? यंत्र थांबवून पुजायचं ही रीत शंभर वर्षांची आहे, ती माझ्या चित्रात नव्हती. चार चाकांची गाडी खंडेनवमीला पडत नाही कुंदा, माझी पडते, म्हणजे माझं चुकलं. मग उठून वैद्यांकडे गेले आणि लिहून देऊन आले.

तेव्हापासून अण्णा, घरात जी सुबत्ता आली आहे ती काय सांगू. हे सहाच्या ठोक्याला घरी येतात. येताना न सांगता भाजी आणतात, तीही ताजी. चार वर्षं गळणारा नळ गळायचा थांबला. दिवाणखान्यातला पंखा आवाज करत नाही. क्षमाच्या वह्यांना कव्हरं लागली. काल मी गवार मोडायला बसले तर हे समोर येऊन बसले आणि मोडू लागले, एकसारखे तुकडे, पट्टीनं मोजल्यासारखे. खिडकीतून वायर नाही, मिक्सर फिरतो, वैद्य दुपारी झोपतात आणि जिन्यात भेटले की हसतात. कागद सगळे सुतळीनं बांधून माळ्यावर गेले. मी देवाकडे जे जे मागत होते ते सगळं मिळालं. आणि मला रोज स्वयंपाकघरात रडू येतं. कांदा चिरत नसतानाही येतं. असा शहाणा नवरा घेऊन मी काय करू, मला तो ओळखूच येत नाही. पण ते असो. सवय होईल.

भंगारवाला पुढच्या रविवारी येतोय, म्हणजे विषय संपला. तुम्ही या बाबतीत काही लिहायची आवश्यकता नाही. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला गरम कपडा बांधा, आणि भाऊबीजेला येणं जमत नसेल तर उगाच एसटीचे हाल काढू नका, मी इथूनच पाटाला ओवाळीन.

तुमची,
कुंदा

ता. क. तांबडे पोहे आणि आमसुलं कोणी येणारं-जाणारं असेल तरच पाठवा.

ता. क. आणखी एक. शनिवारी धाकू आला होता, यांना चुकवून, दुपारचा. येऊन दारातच उभा. म्हणाला, वयनी, मागावर सूत तुटला की एक पट्टी खाली पडता आणि माग आपसून थांबता. मग गाडयेचे पाय आपसून कित्याक पडूचे नाय? मी म्हटलं, आत ये, बस आणि नीट सांग. मग आम्ही दोघांनी क्षमाची कंपासपेटी घेऊन चित्र काढलं. चाकाच्या आसावर दोन वजनं. चाक जोरात फिरतंय तोवर ती बाहेर फेकली जातात आणि पाय वर अडकवणारा एक आकडा धरून ठेवतात. चाक मंदावलं की वजनं खाली येतात, आकडा सुटतो, आणि गाडीचे पाय खट्कन जमिनीला लागतात. मग बटण धाकूनं बंद करो, वैद्यांनी करो, की साक्षात देवीनं करो, गाडी पडायची नाही. आम्ही ते शिवणयंत्राच्या चाकावर, शेवयांचे दोन साचे वजन म्हणून बांधून करून बघितलं. सहा वेळा केलं, पाच वेळा आकडा सुटला. (सहाव्या वेळी साचाच सुटला, वहिनी, तुम्ही दिलेला नव्हे, दुसरा.)

ता. क. हे मी यांना सांगितलं. यांनी पूर्ण ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, तुम्ही दोघं माझं मन राखायला बघताय. आणि गवार मोडू लागले. प्रेमाच्या माणसाचं म्हणणं या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. तेव्हा माझं एवढं काम कराच. यांना एक पत्र लिहा, तुमच्या त्या हेडमास्तरी भाषेत, चांगलं कडक. लिहा की गाडी भंगारात काढलीत हे उत्तम झालं. लिहा की चाक थांबताच गाडीचे पाय आपोआप खाली पडतील असं काहीतरी कुंदानं तुम्हाला कळवलंय, पण असं यंत्र करणं अशक्य आहे, भल्याभल्यांना साधलेलं नाही, लिफ्टची चित्रं काढणाऱ्यानं त्या फंदात पडू नये, तुम्हाला ते जमणार नाही. 'जमणार नाही' खाली दोन रेघा ओढा. पत्र भंगारवाला यायच्या आदल्या शनिवारपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून एक्सप्रेस डिलिव्हरीनं टाका.

ता. क. खोटं कसं लिहू असं मनात आणू नका. चौदा वर्षांपूर्वी, माझं लग्न ठरवताना तुम्ही यांना अस्संच पत्र लिहिलं होतं, की कुंदाचा स्वभाव पाहता हे तुम्हाला जमणार नाही. ते पत्र यांनी अजून ड्रॉइंगच्या पेटीत ठेवलंय, आणि मला इथं बोरीवलीला ठेवलंय.